फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा

विद्यार्थिमित्रहो, थोरांची चरित्रे वाचावयास बसले म्हणजे आपल्या मनश्चक्षूंपुढे बहुधा राजे, सेनापती, संत आणि शास्त्रज्ञ यांच्याच मूर्ती उभ्या राहतात. हे योग्यच आहे. परंतु जो मनुष्य रणांगणावर लढला नाही, ज्याने ग्रंथ लिहिला नाही, सिंहासन भूषविले नाही, तरीही ज्याने काही काळ आपल्या देशाची मान जगापुढे उंच केली, अशा मनुष्याच्या चरित्रापासूनही पुष्कळ शिकण्यासारखे असते. आपल्या देवरीच्या आसपास धानाची कापणी आटोपली, बांध्या कोरड्या पडल्या, की गावोगावची मुले त्यांत चेंडू घेऊन उतरतात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानी आपल्या आजच्या चरित्रनायकांचे नाव गेले असेल. म्हणून फुटबॉलच्या इतिहासातील नेव्हिल डिसोझा यांची ही कथा यंदाच्या अंकात सादर करण्याचे योजिले आहे.

चरित्रनायकांकडे वळण्यापूर्वी त्यांच्या मुलुखाकडे पाहिले पाहिजे. गोव्याच्या उत्तर भागात बारदेश नावाचा तालुका आहे. त्यातील शिवोली या गावी १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक धर्मगुरू येऊन राहिले. मुलांना शिकवीत असता त्यांनी पुस्तकांबरोबर फुटबॉलचा चेंडूही त्यांच्या हाती, किंबहुना पायी दिला. केवळ बुद्धीचे शिक्षण अपुरे होय, शरीर आणि स्वभाव यांनाही वळण लागले पाहिजे, अशी त्या काळच्या मिशनरी शिक्षकांची दृढ समजूत होती. या बीजाचा पुढे केवढा वृक्ष झाला हे सर्वविश्रुत आहे. गोव्यात चर्चपुढील मोकळी जागा आणि भाताची रिकामी शेते ही क्रीडांगणे बनली आणि हा परदेशी खेळ कोंकणी माणसाच्या अगदी हाडीमांसी खिळला.

याच शिवोलीच्या शेजारी आसगाव म्हणून गाव आहे. डिसोझा कुटुंब मूळचे तेथील. नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि उदरनिर्वाहासाठी सहस्रावधी गोमंतकीय मुंबईस जात असत. त्यांच्या वस्तीच्या कथेतच मुंबईच्या फुटबॉलची अर्धी कथा सामावलेली आहे. धोबीतलाव व त्याच्या आसपासच्या भागात गोव्याच्या एकेका गावाने आपल्या माणसांकरिता सामाईक बिऱ्हाडे स्थापिली होती. त्यांस कूड असे म्हणत. बोटीवरील खलाशी, आचारी, वादक, कारकून असे नाना व्यवसायांचे लोक तेथे अल्प भाड्यात राहत, एकत्र प्रार्थना करीत आणि संध्याकाळी खेळाच्या गोष्टी बोलत. ज्याला गाव सोडावे लागले त्याला आपल्या माणसाचा खेळ पाहताना घडीभर तरी गावी गेल्यासारखे वाटत असेल, यात नवल ते काय?

मुंबईच्या फुटबॉलचे माहेरघर म्हणजे कूपरेजचे मैदान. रोव्हर्स चषकाची विख्यात स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली आणि त्या वर्षी वुस्टरशायर पलटणीच्या गोऱ्या सैनिकांनी ती जिंकली. पुढे कित्येक वर्षे हा चषक लष्करी पलटणींच्याच हाती राहिला. एतद्देशीयांचा संघ म्हणून तो प्रथम जिंकण्याचा मान १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघास मिळाला. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर तर १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो आपल्याकडेच ठेवला. असे सामने पाहावयास कूपरेजवर प्रेक्षकांची झुंबड उडे. या वातावरणात तरुण नेव्हिल यांची खेळाडू म्हणून घडण झाली. टाटा स्पोर्ट्स क्लबच्या वतीने ते खेळू लागले आणि संतोष चषकाच्या प्रांतिक स्पर्धेत मुंबईचे प्रतिनिधित्वही त्यांनी केले. त्या काळी खेळ हा पैसा मिळविण्याचा धंदा नव्हता. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत, आणि दिवसा कचेरीचे काम व सायंकाळी मैदानावरचा सराव असा त्यांचा दिनक्रम असे. नेव्हिल यांचे बंधू डेरिक हेही पुढे भारताकडून खेळले.

नेव्हिल यांचे मैदानावरील स्थान मध्य आघाडीचे, म्हणजे ज्यास सेंटर फॉरवर्ड म्हणतात ते होते. हे स्थान मोठे मानाचे आणि तितकेच कठीण असते. बाकीचे दहा गडी घाम गाळून चेंडू पुढे आणतात आणि अखेरचा घाव या एकाने घालावयाचा असतो. तो घाव बसला तर जयजयकार त्याचा, आणि चुकला तर दोषही त्याचाच. प्रतिपक्षाचे बचावपटू सारखे पाठीस लागलेले असताना निमिषमात्र सापडलेली फट ओळखणे, आणि पाय वा मस्तक नेमके तेथे पोहोचविणे, ही कला नेव्हिल यांस उत्तम साधली होती.

आता आपल्या देशाच्या संघाची त्या वेळची स्थिती पाहू. आपल्या लोकांस अनवाणी खेळण्याची सवय होती, आणि तिचा अभिमानही होता. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली, तेव्हा त्या अकरा वीरांपैकी केवळ एकाच्या पायांत बूट होते. ते होते सुधीर चटर्जी. ते ख्रिस्ती असून पुढे धर्मोपदेशक झाले. स्वतंत्र भारताचा संघ १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हाही त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले. फ्रान्सकडून ते २–१ असे हरले खरे, पण त्यांच्या खेळाने पाहणारे थक्क झाले. मात्र १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला १०–१ असा दारुण पराभव केला. अनवाणी पायांचे कौतुक एका दिवसात ओसरले. घरच्या कोरड्या मैदानावर जे चालते ते परक्या मुलुखातील थंड, निसरड्या भूमीवर चालत नाही, हा धडा मोठी किंमत देऊन मिळाला, आणि यापुढे खेळाडूंनी बूट घालूनच खेळावे असा नियम अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केला.

केवळ बूट घातल्याने खेळ सुधारत नाही. त्यासाठी गुरू लागतो. तो गुरू हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या रूपाने लाभला. विद्यार्थिमित्रांस हे ऐकून आनंद वाटेल की रहीमसाहेब हे मूळचे शाळामास्तर होते. कूपरेजवर सलग पाच वर्षे चषक जिंकणारा हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांच्याच शिकवणीत तयार झाला होता. मास्तरांची शिस्त त्यांनी मैदानावर आणली. चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने धावत सुटण्याचा मोह खेळाडूंस फार असतो. तो मोडण्यासाठी त्यांनी असे सामने भरविले की ज्यांत चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास बंदी असे. पुष्कळांचा एकच पाय चांगला चालतो, म्हणून केवळ दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, असेही सामने त्यांनी घेतले. जे आपल्यास येत नाही त्याचाच अभ्यास अधिक करावा, हे शिक्षणाचे मूलतत्त्व होय. गणिताच्या पुस्तकापासून दूर पळणाऱ्या आमच्या काही मित्रांनी याचा अवश्य विचार करावा!

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक भरले. समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे कर्णधार व रहीमसाहेब हे मार्गदर्शक असा संघ भारताने पाठविला. त्यात बंगालचे प्रदीपकुमार बॅनर्जी होते, हैदराबादचे तुळसीदास बलराम होते, दक्षिणेचे कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू होते, आणि मध्य आघाडीवर आमचे नेव्हिल होते. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे सारे एका रंगाचा अंगरखा घालून उभे राहिले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या वेळी गोवा अद्याप मुक्त झाला नव्हता. आदल्याच वर्षी, १९५५ साली, गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. मुक्तीचा दिवस उजाडावयास १९६१ चा डिसेंबर यावयाचा होता. ज्या कुटुंबाचे मूळ गाव परकीय सत्तेखाली होते, त्या कुटुंबातील हा तरुण स्वतंत्र भारताच्या नावाने जगापुढे उभा ठाकला होता.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडावयाची होती. परंतु त्याच वर्षी हंगेरीत मोठा उठाव होऊन देश होरपळून निघाला होता. तो संघ स्पर्धेतून बाहेर पडला आणि भारतास न खेळताच पुढली फेरी लाभली. हे यश दैवाचे की कर्तृत्वाचे, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यास उत्तर देणे कठीण होते. त्याचे उत्तर मैदानावरच द्यावे लागणार होते, आणि ते १ डिसेंबर १९५६ रोजी देण्यात आले.

त्या दिवशी भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. मैदान त्यांचे, प्रेक्षकही त्यांचेच. नवव्या मिनिटास नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळविली. एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरोने ती पुन्हा फेडली. अशा रीतीने मध्यंतरास दोन्ही पक्ष सारखेच होते. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी, म्हणजे सामन्याच्या पन्नासाव्या मिनिटास, नेव्हिल यांनी आपला तिसरा गोल नोंदविला, आणि ऐंशीव्या मिनिटास किट्टू यांनी चौथा गोल करून विजयावर शिक्कामोर्तब केले. भारत ४–२ ने विजयी झाला. ऑलिंपिकच्या फुटबॉल सामन्यात एकट्याने तीन गोल करणारे नेव्हिल हे आशिया खंडातील पहिले खेळाडू ठरले, आणि उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. हंगेरीच्या माघारीमुळे ज्यांच्या मनात किंतु होता त्यांस या विजयाने उत्तर मिळाले.

उपान्त्य सामन्याचा दिवस होता ४ डिसेंबर, आणि समोर उभा होता तोच युगोस्लाव्हिया! १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकांत ज्याने रौप्यपदक मिळविले आणि चारच वर्षांपूर्वी ज्याने भारतावर दहा गोल चढविले, तोच हा प्रतिस्पर्धी. परंतु या वेळी पूर्वार्ध संपला तेव्हा गोलफलक कोरा होता. उत्तरार्ध सुरू झाला, आणि बावन्नाव्या मिनिटास नेव्हिल यांनी चेंडू युगोस्लाव्हियाच्या जाळ्यात धाडला. भारत आघाडीवर! ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचे दार आपल्यासाठी किलकिले झाले होते.

ते दार दोन मिनिटे उघडे राहिले. चौपन्नाव्या मिनिटास पापेत्सने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटास वेसेलिनोविचने आघाडी घेतली, पासष्टाव्या मिनिटास पापेत्सने पुन्हा गोल केला, आणि अखेरीस आपल्याच खेळाडूचा पाय लागून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. भारत ४–१ ने हरला. पुढे ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपणांस ३–० असे पराभूत केले. भारत चौथा आला, आणि चौथ्यास पदक नसते. स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि भारताचे नेव्हिल डिसोझा या तिघांची नावे प्रत्येकी चार गोलांसह बरोबरीने नोंदली गेली. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके पडली. नेव्हिल यांस रिकाम्या हातांनी परतावे लागले. परतीच्या वाटेवर सिडनी येथे ऑस्ट्रेलियाशी पुन्हा मैत्रीचा सामना झाला आणि तो भारताने ७–१ असा जिंकला. मेलबर्नचा विजय हा योगायोग नव्हता, याविषयी यानंतर कोणास शंका उरली नसावी.

आता विचार करा. ज्या दोन मिनिटांत भारत पुढे होता, त्यांची किंमत काय? हिशेबी माणूस म्हणेल, काहीच नाही, कारण शेवटचा आकडा ४–१ असा आहे. परंतु १०–१ पासून त्या दोन मिनिटांपर्यंतचे अंतर आपल्या खेळाडूंनी चार वर्षांत तोडले होते, हे तो हिशेब सांगत नाही. जुनी सवय सोडून बूट घालणे, दुबळ्या पायास राबविणे, आपणच गोल करावा हा लोभ आवरून साथीदाराकडे चेंडू देणे, अशा शेकडो लहान गोष्टी त्या दोन मिनिटांच्या पोटात होत्या. नेव्हिल यांचा पाय अखेरचा होता, परंतु त्यामागे दहा जणांचे पाय होते आणि एका शाळामास्तराचे डोके होते. म्हणून त्या गोलात त्यांचा मोठेपणा जसा आहे तसाच साऱ्या संघाचाही आहे. दोहोंपैकी एकास वगळून दुसऱ्याची स्तुती करणे न्यायाचे होणार नाही.

मेलबर्ननंतरचे नेव्हिल यांचे आयुष्य गाजावाजाचे नव्हते. खेळाडूचा बहर हा धानाच्या लोंबीसारखा असतो. तो थोडे दिवस डोलतो आणि मग शेत रिकामे होते. रहीमसाहेब १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देऊन पुढल्याच वर्षी, १९६३ च्या जून महिन्यात, कर्करोगाने निवर्तले. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर तर भारतीय संघास ऑलिंपिकच्या मैदानावर फुटबॉल खेळण्याची संधीच लाभलेली नाही. लोकांचे लक्ष दुसऱ्या खेळांकडे वळले. जुन्या वीरांची नावे जुन्या वर्तमानपत्रांत राहिली. अशा स्थितीत १६ मार्च १९८० रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नेव्हिल डिसोझा यांनी इहलोकीची यात्रा संपविली. पुढे पुष्कळ वर्षांनी मुंबईत वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानास त्यांचे नाव देण्यात आले. तेथे खेळणाऱ्या मुलांच्या ओठी ते नाव रोज येते, हेच त्यांचे उचित स्मारक म्हणावयास हवे.

पालक बंधुभगिनींस येथे दोन शब्द सांगण्याची परवानगी असावी. मुलगा वा मुलगी मैदानावर गेली की अभ्यास बुडाला, अशी चिंता पुष्कळ घरी वाटते, आणि ती सर्वस्वी अकारण असते असेही नाही. प्रत्येक मूल नेव्हिल होणार नाही. त्यांच्या तोडीचे खेळाडू एका पिढीत क्वचितच निपजतात. परंतु नेव्हिल निपजतात ते ज्या मैदानावर शेकडो सामान्य मुले खेळतात त्याच मैदानावर. शिवोलीच्या लायन्स गुरुजींस आपल्या चेंडूतून शेजारच्या गावी सत्तर वर्षांनी काय उगवणार आहे हे कोठून ठाऊक असणार? पेरणाऱ्याने पेरावे. पीक कोणाच्या हाती पडेल हे परमेश्वराच्या स्वाधीन. आणि खेळून जो मोठा खेळाडू झाला नाही, तोही हार सोसणे, नियम पाळणे आणि दुसऱ्याच्या गोलाचा आनंद मानणे एवढे शिकला, तर त्याचा वेळ व्यर्थ गेला असे कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देवरीवरून जो राजमार्ग जातो त्याचे एक टोक मुंबईकडे आहे आणि दुसरे कलकत्त्याकडे. या देशात फुटबॉल ज्या शहरांनी जोपासला त्यांपैकी ही दोन अग्रगण्य. त्या दोहोंच्या मधोमध, सालेकसा, आमगाव, साकोलीच्या शेजारी, आपले हे लहानसे गाव वसलेले आहे. यंदा कापणी झाल्यावर बांधीत चेंडू घेऊन उतराल तेव्हा मेलबर्नच्या त्या दोन मिनिटांची आठवण ठेवा. गोल करावयास मिळाला तर आनंदाने करा. न मिळाला तर ज्याला मिळाला त्याच्याकडे चेंडू नीट पोहोचवा. आणि घरी आजोबांस किंवा शेजारच्या काकांस विचारा की त्यांच्या तरुणपणी गावात कोण चांगले खेळत असे. ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. जगाच्या ग्रंथांत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे चरित्र निदान आपल्या वहीत तरी असावे. नेव्हिल डिसोझा यांच्या स्मृतीस हेच आमचे वंदन होय.